गिअरबॉक्स उघडण्याआधी

बनारसमध्ये भोसले घाटाच्या आमच्या गल्लीत चारचाकी शिरत नाही. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हा घाट बांधला, वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ उभं केलं. एका अंगाला संकठा घाट आणि त्यापलीकडे शिंद्यांचा, दुसऱ्या अंगाला गणेश घाट, आणि मागे इतक्या अरुंद गल्ल्या की समोरून सांड आला तर माणसानं भिंतीला टेकून वाट द्यायची. त्यामुळे इथल्या ज्या मराठी घरांत गाडी आहे, त्यांची गाडी मैदागिनच्या बाजूला भाड्याच्या जागेत उभी असते. आमचीही तिथेच असते. २००९ सालची, पेट्रोलवर चालणारी, चार गिअरांची ऑटोमॅटिक.

ऑटोमॅटिक घेतली ती हिच्या डाव्या गुडघ्यामुळे. ऑपरेशननंतर क्लच दाबणं जमेना आणि गाडी चालवणं सोडायला ही तयार नव्हती. जुनी ऑटोमॅटिक मिळणं अवघड नव्हतं: दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, म्हणून त्या वयाच्या जवळ आलेल्या गाड्या एनओसी घेऊन दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जाऊ लागल्या. त्यात ऑटोमॅटिक पुष्कळ. बनारस, प्रयागराज, गोरखपूर इथे आज जुन्या ऑटोमॅटिक दिसतात त्यातल्या कितीतरी अशा आलेल्या आहेत. नागपूर-पुण्याकडेही जुन्या बाजारात त्या आता सहज मिळतात. गाड्या आल्या, पण त्यांची नाडी ओळखणारे हात तेवढे आले नाहीत. क्लच प्लेट तासाभरात उतरवणारा उत्तम मेकॅनिक ऑटोमॅटिकसमोर गप्प होतो आणि मग एकच निदान ऐकू येतं: ‘चाचा, बॉक्स बैठ गया. पूरा बदलना पड़ेगा.’

हे निदान अनेकदा डिपस्टिक बाहेर ओढण्याआधीच झालेलं असतं. मला त्याची चीड येते, कारण त्या एका वाक्यापायी माणसं चांगली गाडी भंगारात देतात.

मी आयुष्यभर डीरेकात नोकरी केली, म्हणजे डिझेल रेल इंजन कारखान्यात. हल्ली त्याला बनारस रेल इंजन कारखाना म्हणतात. १९६१ साली तो सुरू झाला आणि जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते तिथलं पहिलं इंजिन देशाला अर्पण झालं. माझं काम इंजिनांच्या चाचणीचं. आमच्या डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनांत गिअरबॉक्स नसतोच. डिझेल इंजिन वीज तयार करतं आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी फिरतात. तरी एक सवय तिथे हाडात मुरली: आधी तेल बघायचं. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये चालत्या इंजिनाच्या तेलाचे नमुने ठरावीक मुदतीनं प्रयोगशाळेत जातात. त्यात तांबं वाढलं की बेअरिंगकडे बघायचं, सिलिकॉन वाढलं की हवेच्या फिल्टरमधून धूळ आत येते आहे. इंजिन न उघडता आतली बातमी कळते. मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला हे अधिकच लागू आहे, कारण तिथे तेल फक्त वंगण नाही. ताकद नेणारं तेच, क्लच दाबणारं तेच आणि उष्णता बाहेर काढणारंही तेच.

इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा बंद डबा असतो. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक फिरतं आणि तेल समोरच्या दुसऱ्या पातेचाकावर फेकतं. त्या माऱ्यानं दुसरं चाक फिरू लागतं. परतणाऱ्या तेलाला मधलं एक तिसरं, छोटं चाक योग्य दिशा देतं, त्यामुळे गाडी जागेवरून सुटताना मिळणारा जोर इंजिनाच्या जोराच्या दुपटीच्या आसपास जातो. दोन्ही चाकांचा एकमेकांना स्पर्श नसतो, म्हणून सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. मोटारीत मोठ्या प्रमाणावर ऑटोमॅटिक आली ती अमेरिकेत, जनरल मोटर्सनं १९४० च्या मॉडेलात हायड्रामॅटिक दिली तेव्हा.

आपल्या वाचकांना यातला एक धागा मुद्दाम सांगतो. भारतीय रेल्वेचे अभियंते मनमोहन सुरी यांनी शंटिंगच्या इंजिनांसाठी स्वतःची हायड्रो-मेकॅनिकल रचना केली. ती ‘सुरी ट्रान्समिशन’ म्हणूनच ओळखली जाते आणि पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकनं ती बनवली. सुरुवातीचा जोर तेलातून, वेग आल्यावर थेट यांत्रिक जोड. आजच्या ऑटोमॅटिक मोटारीतही साधारण तेच घडतं: एकसारख्या वेगाला ‘लॉक-अप’ क्लच दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकतो आणि तेलातली घसरण थांबते.

कन्व्हर्टरच्या मागे गिअरांचे संच असतात. कुठला संच धरायचा आणि कुठला सोडायचा हे तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा ठरवतात. त्यांना दाब मिळतो व्हॉल्व्ह बॉडीतून, म्हणजे बारीक वाटा कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून. त्या वाटा उघडतात-मिटतात विजेवर चालणाऱ्या सोलेनॉइडांनी आणि सोलेनॉइडांना हुकूम देतो एक छोटा संगणक. म्हणजे बिघाड चार ठिकाणी असू शकतो: तेलात, विजेत, दाबाच्या वाटांत किंवा खुद्द क्लच प्लेटांत. पहिल्या तिन्हींसाठी बहुतेक वेळा पूर्ण बॉक्स सोडवावा लागत नाही. चौथ्यासाठी सोडवावाच लागतो. सगळं निदान या एका भेदावर उभं आहे.

आमच्या गाडीची पहिली तक्रार मला कळली नव्हती, हिला कळली. एका थंडीतल्या सकाळी म्हणाली, ‘अहो, रिव्हर्स टाकला की गाडी जरा विचार करते आणि मग मागे जाते.’ मी विचारलं, डी मध्ये टाकल्यावरही? ‘नाही, पुढे लगेच जाते. आणि थोडं चालवून झालं की रिव्हर्सही नीट लागतो.’ मेकॅनिकला ऐकवण्यासारखी याहून चांगली साक्ष नसेल. गार असताना, फक्त रिव्हर्सला, दोनेक सेकंद उशीर आणि तापल्यावर ठीक. एवढ्यावरून अनुभवी माणूस तेलाची पातळी कमी आहे का, तेल म्हातारं झालं आहे का, आतली रबरी सीलं कडक झाली आहेत का, इकडे वळतो. याऐवजी ‘गाडी नीट चालत नाही’ असं सांगितलं, तर तो बिचारा बॉक्स उतरवण्याशिवाय काय करणार?

म्हणून गाडी वर्कशॉपला नेण्याआधी मालकानं काही गोष्टी स्वतः पाहून कागदावर लिहाव्यात. त्रास इंजिन गार असताना होतो की तापल्यावर? कुठल्या गिअरला? इंजिनाचा आवाज आणि आरपीएमचा काटा वर जातो पण वेग वाढत नाही, याला घसरणं म्हणायचं. गिअर बदलताना धक्का बसतो, ती वेगळी तक्रार. साधारण ५० ते ७० च्या एकसारख्या वेगाला, खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी गाडी थरथरते आणि ॲक्सिलरेटर किंचित सोडला की थांबते, ती बहुधा लॉक-अपची तक्रार, त्यात जुनं तेल हे नेहमीचं कारण. गाडी सुटतानाच मरगळलेली, दुसरा गिअर पडत नाही, टॉपही पडत नाही, म्हणजे संगणकानं काहीतरी चुकीचं पाहून स्वतःला एका गिअरमध्ये बांधून घेतलं आहे. पुष्कळ चार गिअरांच्या गाड्यांत तो तिसरा असतो. हे दिसायला सर्वांत भयंकर, आणि निघतं पुष्कळदा एका सेन्सरवर किंवा वायरीवर. इंजिनाचं माउंटिंग फाटलं असेल तर डी-आर करताना धाडकन आवाज येतो आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी बसतो. एखादा स्पार्क प्लग नीट पेटत नसेल तर तोही चढावर लॉक-अपच्या थरथरीसारखाच भासतो. तेव्हा इंजिन निरोगी आहे ना, हे आधी.

आता तेल. ज्या गाडीला गिअरबॉक्सची डिपस्टिक आहे तिच्या मालकानं हे स्वतः करावं, सोपं आहे. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणायची. सपाट जागी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, पायानं ब्रेक दाबून ठेवून इंजिन चालू असतानाच गिअर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून परत पी किंवा एन वर आणायचा. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते. मग इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची. पातळी ‘हॉट’च्या खुणांमध्ये हवी. होंडाच्या गाड्यांत मात्र हे इंजिन बंद केल्यावर लगेच, मिनिटा-दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं, इथे खूपजण चुकतात. डिपस्टिकचं टोक पांढऱ्या कागदावर टेकवायचं. तांबडं पारदर्शक तेल चांगलं. तपकिरी झालं पण वास साधा, तर ते म्हातारं झालंय, बदला. काळं आणि जळका वास, तर क्लचचं अस्तर जळलं आहे. गुलाबीसर दुधी दिसलं तर आत पाणी गेलंय आणि ती गाडी तिथून हलवायची नाही.

दिल्लीहून आलेल्या गाड्यांपैकी पुष्कळांना डिपस्टिक नसतेच. कंपन्यांनी ‘आयुष्यभराचं तेल’ म्हणून बॉक्स बंद ठेवला. मला हे मान्य नाही. आयुष्य कुणाचं? वॉरंटीचं संपतं तेव्हा गाडीचं निम्मंही झालेलं नसतं. अशा गाडीत तेल ठरावीक तापमानाला आणून खालच्या लेव्हल प्लगमधून पातळी बघतात. ते लिफ्टवरचं काम, आणि ज्याच्याकडे तेलाचं तापमान वाचणारा स्कॅनर आहे त्याचंच.

आमच्या बाबतीत निकाल लागला तो नागपूरच्या वाटेवर. मिर्झापूर सोडून लालगंजच्या पुढे ड्रमंडगंजची घाटी लागते, हनुमना आणि रीव्याकडे जाणारा चढ. ऊन तापलेलं, पुढे मालाचे ट्रक, आणि गाडी तिसऱ्यात असताना एकदम आरपीएम वर गेला, वेग तसाच. हिनं लगेच ॲक्सिलरेटर सोडला, गिअर एल मध्ये घेतला आणि सावकाश वर नेऊन बाजूला लावली. हे तिनं फार बरोबर केलं. घसरणाऱ्या क्लचला वरून आणखी पेट्रोल देणं म्हणजे अस्तर भाजणं. अर्ध्या तासानं गाडी गार झाल्यावर तीच गाडी निमूट चालली. रीव्यात रात्र काढून आम्ही परत फिरलो.

बनारसला एका वर्कशॉपनं तेच ऐकवलं: बॉक्स गेला. मी डिपस्टिक काढून दाखवली. तेल खालच्या खुणेच्याही खाली, तपकिरी, पण जळका वास नाही. गाडी उभी असते तिथे मी खाली जुना पुठ्ठा पसरला. दुसऱ्या दिवशी त्यावर तांबूस डाग, उजव्या चाकाच्या शाफ्टखाली. शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं रबरी सील कडक होऊन पाझरत होतं. तेल कमी झालं की चढावर ते मागे सरकतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, दाब पडतो, क्लच घसरतो. थंडीत रिव्हर्सला होणारा उशीर त्याच कथेची सुरुवात होती.

सील बदललं. तेल बदलताना मात्र दोन गोष्टींवर मी अडून बसलो, आणि त्या दोन्ही गोष्टींसाठी प्रत्येक मालकानं अडून बसावं. पहिली, तेल कुठलं. मलदहियाच्या पार्ट्सच्या बाजारात ‘गेअर ऑइल’ मागितलं तर मॅन्युअल गिअरबॉक्सचं ९० नंबरचं जाड तेल हातात येतं. ते ऑटोमॅटिकमध्ये पडलं तर संपलंच. थोडा जाणता दुकानदार ‘पावर स्टेरिंगवाला लाल तेल’ देतो. ते एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, असतं खरं, पण कुठल्या प्रतीचं? डेक्स्रॉन, एसपी-थ्री, टी-फोर, डब्ल्यूएस, होंडाची डीडब्ल्यू-वन, या सगळ्या प्रती एकमेकींच्या जागी चालत नाहीत. त्यांत घर्षण कमी-जास्त करणारी रसायनं वेगळी असतात आणि क्लच किती हळुवार धरायचा हे त्यांवर ठरतं. सीव्हीटी या वेगळ्या जातीच्या ऑटोमॅटिकचं तेल तर पूर्ण वेगळं. गाडीच्या पुस्तकातली प्रत लिहून न्यावी आणि बंद डबा आपल्यासमोर फोडून घ्यावा.

दुसरी गोष्ट, मशीन लावून दाबानं तेल धुऊन काढायला नकार. जुन्या बॉक्समधला साचलेला गाळ त्यात हलतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. साधं खालून तेल सोडलं तर निम्म्याहून कमीच निघतं, कारण उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकतं. म्हणून सोडा, भरा, थोडं चालवा, पुन्हा सोडा, असं दोन-तीन वेळा करायचं. तेल जास्त लागतं, बॉक्सला धोका कमी. ‘जुन्या गाडीचं तेल बदललं की बॉक्स जातो’ हा समज सगळीकडे आहे. त्यामागे खरं एवढंच, की क्लच आधीच जळून झिजलेला असताना शेवटचा उपाय म्हणून तेल बदलतात, आणि मग काही दिवसांत जे होणारच होतं ते होतं.

तेल सोडल्यावर निघालेल्या प्लगच्या चुंबकाकडे मी सगळ्यात आधी बघितलं. राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट होती. इतकं लोखंड दरवर्षी झिजतंच. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे असते तर मी स्वतःच बॉक्स उतरवायला सांगितलं असतं.

त्यानंतर घसरणं थांबलं, रिव्हर्सही वेळेवर लागू लागला. राहिला दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाचा एक धक्का. तो विजेचा निघाला. त्यासाठी गिअरबॉक्सच्या संगणकाशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ तुकडे मिळतात, ते इंजिनाचे बिघाडाचे कोड वाचतात पण जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सपर्यंत पुष्कळदा पोचत नाहीत. पी०७०० हा कोड आला तर घाबरू नये. तो फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे काही तक्रार नोंदलेली आहे, आत जाऊन वाचा. पी०७१५ हा आत फिरणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा, पी०७४० लॉक-अपचा. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर अपेक्षेप्रमाणे नाही, तो आला की मात्र क्लच घसरतो आहे का हे नीट तपासावं. आमच्याकडे एका शिफ्ट सोलेनॉइडच्या सर्किटचा कोड होता. सोलेनॉइड बदलायला निघालेल्या वर्कशॉपमधल्या मुलाला मी थांबवलं. आधी कनेक्टर काढून बघ, म्हटलं. पाझरलेलं तेल आणि मैदागिनची धूळ, दोन्ही त्या पिनांवर बसली होती. साफ करून, पिना घट्ट करून बसवला. धक्का गेला.

बनारसचा उन्हाळा आणि बनारसची गर्दी, दोन्ही ऑटोमॅटिकच्या मुळावर आहेत. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, आणि मैदागिनहून चौकाकडे गाडी पावलापावलानं सरकते. अशा सरकण्यात लॉक-अप लागत नाही, कन्व्हर्टरमध्ये तेल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. जाणकारांचा एक ढोबळ नियम आहे: तेलाचं तापमान ८० अंशांच्या वर जेवढं जाईल, त्यात दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून लांब थांबायचं असेल तर आम्ही एन वर घेतो, आणि रेडिएटरची पाती दर उन्हाळ्याआधी पाण्यानं धुतो. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्याच आतल्या नळीतून फिरून गार होतं. ती नळी आतून सडली की रेडिएटरचं पाणी तेलात शिरतं, आणि गिअरबॉक्स मरतो तो रेडिएटरच्या दुखण्यानं.

पुराचं पाणी हा दुसरा शत्रू. इथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे, आणि १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. घाटावरच्या आम्हांला पायऱ्या गेलेल्या दिसतात, पण गाड्या बुडतात त्या नगवा, सामने घाट आणि वरुणेच्या काठच्या वस्त्यांत. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते. पाणी तिथवर गेलं की आत जातं. क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर कागदी जातीचं, डिंकानं चिकटवलेलं. पाण्यानं तो डिंक सुटतो. म्हणून बुडालेली ऑटोमॅटिक ‘चालू होते का बघू’ म्हणून सुरू करू नये. टो करताना पुढची चाकं उचलावीत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर. तेल बघावं, दुधी असेल तर पुन्हा पुन्हा बदलून ते स्वच्छ तांबडं होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये, असं सांगणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नका.

एक खुलासा करतो. २०१४ साली मारुतीनं सेलेरिओत एएमटी आणली आणि स्वस्त ऑटोमॅटिक घरोघरी पोचली. तिला टॉर्क कन्व्हर्टर नसतो. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. वर सांगितलेलं तेलपुराण तिला लागू नाही. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे हे विकत घेतानाच विचारून घ्यावं, कारण अर्धे चुकीचे उपाय याच अज्ञानातून होतात.

आणि क्लच खरंच जळलेला असेल, जळका वास, चुंबकावर तुकडे, तापलेल्या गाडीला कुठलाच गिअर धरवत नाही, तर मग खर्च टळत नाही. बॉक्स पूर्ण उघडून क्लच प्लेटा, सीलं, गास्केट नवी घालायची, किंवा दिल्लीच्या मायापुरीसारख्या भंगार बाजारातला वापरलेला बॉक्स बसवायचा. वापरलेला घ्यायचा असेल तर बॉक्सच्या अंगावरचा कोड आपल्या जुन्या बॉक्सच्या कोडशी अक्षर न् अक्षर जुळवा. एकाच नावाच्या गाडीत इंजिनागणिक आतली गुणोत्तरं बदलतात, आणि न जुळणारा बॉक्स बसला तरी संगणक तो मान्य करत नाही. त्याचं तेल आपल्यासमोर काढायला लावा, कन्व्हर्टर त्याच्याबरोबरचाच मागा, आणि आपल्या गाडीचा कूलर व नळ्या आतून धुऊन घेतल्याशिवाय नवा बॉक्स जोडू देऊ नका, कारण जुन्या क्लचचा चुरा तिथेच बसलेला असतो आणि पहिल्या दिवशीच नव्या बॉक्समध्ये जातो.